अर्ध्या गालिच्याची सुरुवात शोधताना

पप्पांचा हट्ट नसता तर गालिच्याची गुंडाळी घेऊन नगर-मनमाड रस्त्याला मी कशाला लागले असते? पप्पा ऐंशीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले. घरातला अर्धा गालिचा त्यांच्या आईनं विणलाय का, एवढंच त्यांना डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं. आजी लहानपणी नगरला मिशनच्या कारखान्यात गालिचे विणायची, पण त्याबद्दल कधी बोलली नाही. थोरले काका शेवटपर्यंत म्हणत, आजोबांनी तो इराणी व्यापाऱ्याकडून घेतला. वाटणीत दोघा भावांनी तो शेतासारखाच मधोमध कापला.

राहात्याहून सकाळची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर गुंडाळीकडं बघून म्हणाला, "ताई, तुमचं अर्धं, पन ह्याचं पुरं लागंल बगा." तुम्ही जाणार असाल तर मागची सीट टाळा, खड्ड्यांनी माझी कंबर मोडली. नगरला उतरून मिसळ खाल्ली. तिखट होती, चांगली होती, आणि मला संपवता आली नाही.

ओळखीतून गालिच्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं घर मिळालं. त्यांनी गालिचा उलटा केला. मागं एकेक गाठ दिसत होती, आणि काठाची झालर म्हणजे आतलेच सुती धागे होते. "हातचाच आहे. नक्षी इराणी; पण ती आपल्याकडंही उतरवायचे," ते म्हणाले. मग लवीवरून, म्हणजे वरच्या लोकरीच्या केसांवरून, हात फिरवला. "लव नेहमी विणायला सुरुवात केलेल्या काठाकडं झुकते. ही कापलेल्या बाजूला झुकतेय. म्हणजे सुरुवात दुसऱ्या अर्ध्यात गेली. काही कारखाने त्या काठाला खूण विणायचे."

"आणि किंमत?"

"अर्ध्याला कोण विचारतं? तो काठ मिळाला तर निदान कुठला ते सांगता येईल."

परतताना कोल्हारला उतरले. काकांचा मळा नदीच्या अंगाला आहे. चुलतभावाची बायको, मार्थावहिनी, मी त्यांच्या अर्ध्याचं विचारल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आवं ताई, तीन पोरं न्हवं का आमाला? मग तीन तुकडं केलं. भांडन नको."

"काठाचा तुकडा कुणाकडं आहे?"

"त्यो लई इरला हुता. पाट फुटला, तवा बोळा म्हनून कोंबला."

आम्ही पाटाकडं गेलो. वहिनीनं चिखलात हात घालून बोळा ओढून काढला. लोकर पार कुजली होती. हाताला लागले ते नुसते उभे धागे, मासळीच्या जाळ्यासारखे. मी ते पाटाच्या पाण्यात धुतले, उन्हात धरले, पुन्हा धुतले. खूण असलीच तर लोकरीबरोबर गेली होती. मला तिथंच रडू फुटलं, आणि वहिनी ओल्या हातानं माझी पाठ चोळत राहिली. भेळेच्या गाड्यासमोर एसटीची वाट बघितली, पण काही घेतलं नाही.

या प्रवासातून काय मिळालं म्हणाल, तर काही नाही. जुना गालिचा असेल तर कापायच्या आधी कुणाला तरी दाखवा, एवढंच सांगते.

घरी पोचले तेव्हा पप्पा जागेच होते. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. सगळं सांगितलं.

ते आढ्याकडं बघत म्हणाले, "दादा कापत होता, मी ताणून धरलं होतं. आई 'कापू नका, कापू नका' करत होती. आम्हाला वाटलं, महागाचा आहे म्हणून म्हणतेय."