रजयांसाठी दोन पत्रं

उंब्रजला हायवेलगत आमची पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही सहा बायका रजया शिवतो. शेड सासऱ्यांची, आणि त्यांनी मुदत घातली होती: दसऱ्यापर्यंत मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मशिनी बाहेर आणि दिरांचा ट्रॅक्टर आत. पाचगणीच्या एका निवासी शाळेला पत्र लिहायचं मी ठरवलं आणि चहाच्या वेळी घरात तसं बोलून बसले. तिथेच चुकलं.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. "पत्रात आपण कोण हाय ते आधी कळाय पायजे," म्हणत त्यांनी पेन हातात घेतलं. वर कुलदैवत आलं, मग स.न.वि.वि., मग त्यांच्या सगळ्या बदल्या, क्रमाने. चुलत सासरे माजी सरपंच, पण माजी हा शब्द त्यांना अजून मान्य नाही; त्यांना वगळणं शक्यच नव्हतं. त्यांचं नाव आल्यावर सोसायटीवरचे भाऊजी रुसले. पान भरलं, मागची बाजूही भरली.

"आवं आबा, रजईचं कुठं लिवायचं?" मी विचारलं.

"ते भेटल्यावर बोलू की. सगळं कागदावर सांगत्यात व्हय?"

आठवड्याने उत्तर आलं. आमंत्रणाबद्दल आभार, परीक्षा जवळ आल्यामुळे मुख्याध्यापकांना उपस्थित राहता येणार नाही, कार्यक्रमास शुभेच्छा. सासरे खूश. मोठ्या लोकांनी दखल घेतली, असं ते चार घरी सांगून आले. मला हसावं की रडावं कळेना. दसरा पंधरा दिवसांवर आला होता.

मग मी कुणाला न सांगता एसटीने पाचगणी गाठली. वसतिगृहाच्या कठड्यावर रजया वाळत होत्या आणि आतला कापूस गोळा होऊन कोपऱ्यात बसला होता. परत आल्यावर शेडमध्येच लिहिलं: 'तुमच्या रजयांचा कापूस धुतल्यावर गोळा होतो. आमची शिवण चार-चार बोटांवर असते, म्हणून तो हलत नाही. एक रजई सोबत पाठवते आहे. धुऊन बघा. सोमवारी अकरा वाजता मी फोन करेन.' खाली एकटीची सही.

सोमवारी फोन लावला, तोवर वसतिगृहाच्या बाईंनी ती दोनदा धुतली होती. सगळ्या मुलांच्या रजयांची ऑर्डर मिळाली. शेड वाचली. मी मशिनीवर डोकं टेकून रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मधोमध सासरे, कानाला मोबाइल. भोवती भावकीतले बारा जण. माझा फोटो नव्हता. रागाने माझे कान तापले. घरी येऊन सरळच विचारलं, "आबा, त्यात मी कुठं हाय?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. "तुझा कशाला? तू तर घरचीच हाईस," ते म्हणाले.

फ्लेक्सवरचे तेराही जण घरचेच होते.