पुसलेलं कार्ड

लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या बाईंना सगळेच वहिनी म्हणायचे. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, सोबत व्हिडिओ काढणाऱ्या धाकट्या नणंदेच्या. पण हॉलचा मॅनेजर, माइकवाला, नवरीच्या मावश्या, सगळ्यांनी तेच नाव उचललं. अठरा वर्षं दोघींची जोडी होती. "नणंद-भावजय एका बॅगेत नांदतात, मग जगात अशक्य काय आहे?" असं वहिनींचा नवरा म्हणायचा.

ती बॅग बघण्यासारखी होती. मोठी लेन्स डाव्या कप्प्यात, फ्लॅश मधे. चार्ज केलेल्या बॅटरीला रबरबँड, संपलेली उघडी. रिकामी मेमरी कार्डं कमरेच्या पाऊचमध्ये. भरलेलं कार्ड शर्टाच्या डाव्या खिशात आणि वरून बटण. घर सोडण्याआधी वहिनी एकेक वस्तू मोठ्यानं मोजायच्या. लोक म्हणायचे, बाई फार काटेकोर. घरच्यांना मात्र कारण ठाऊक होतं. वहिनींच्या आईची स्मरणशक्ती बावन्नाव्या वर्षी जायला लागली होती. आधी किल्ल्या हरवल्या, मग शेजारणीचं नाव गेलं, शेवटी लेकीचं. आणि वहिनींना आता एक्कावन्न संपत आलं होतं.

त्या दिवशीचं लग्न सकाळचं होतं. नवरीचे वडील आठ महिने अंथरुणाला खिळलेले. हट्टानं उठले आणि लेकीचा हात धरून दारापासून स्टेजपर्यंत चालत आले. वीस पावलं असतील, पण हॉलमधल्या एकाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. वहिनींनी ते सगळं टिपलं. कार्ड भरत आलं होतं, म्हणून त्यांनी कार्ड बदललं. नवं कार्ड वापरण्याआधी एकदा पुसून घ्यायची त्यांची जुनी सवय. कॅमेऱ्यानं विचारलं, सगळं पुसायचं? त्यांनी 'हो' दाबलं.

आणि सवयीनं डाव्या खिशावर हात ठेवला. खिसा सपाट लागला.

 बटण काढून दोन बोटं आत घातली, काही नाही. पाऊच उपडा केला तर सगळी कार्डं कोरी. मग आत्ता पुसलं ते कोणतं?

त्या खांबाआड गेल्या, कार्ड काढून कागदात गुंडाळलं आणि नणंदेला खूण केली.

"मी नवरीच्या बाबांचे फोटो पुसले."

"काहीतरीच काय! खिशात बघ नीट."

"बघितलं गं. खिशात ठेवल्याचं आठवतच नाही मला. कार्ड बदलल्याचंही नाही."

नणंदेचा चेहरा उतरला. पण बाई खमकी. "त्यावर एकही फोटो काढू नकोस. पुसलेलं परत मिळतं. दुसरं कार्ड घाल आणि चल, अंगठ्या घालतायत."

पुढचे चार तास वहिनींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दर दोन मिनिटांनी हात खिशाकडे जायचा. सगळं आटोपल्यावर त्या थेट नवरीपुढे उभ्या राहिल्या. नणंद डोळ्यांनी नको नको म्हणत होती, तरी त्यांनी सांगून टाकलं. नवरी म्हणाली, "तुम्ही येऊन सांगितलंत, हेच खूप. मिळतील तेवढे द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या. पुसलेले फोटो एकेक करून वर येत होते. काही अर्धे राखाडी, काही पट्ट्यापट्ट्यांचे. वडिलांच्या चालण्याचे अकरा काढले होते. त्यातले सात धड निघाले. नणंदेनं सुटकेचा श्वास सोडला आणि आपला व्हिडिओ लावला, उरलेली पावलं त्यात सापडतात का ते बघायला.

व्हिडिओत मागे, खुर्च्यांच्या कडेला, वहिनी दिसत होत्या. त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, दोन बोटांत धरलं, नीट बघितलं आणि शांतपणे कमरेच्या पाऊचमध्ये टाकलं. कुणी हाक मारली नव्हती, कुणाचा धक्का लागला नव्हता. जराशानं त्याच पाऊचमधून त्यांनी तेच कार्ड परत उचललं.

"थांबव," वहिनी म्हणाल्या. "परत दाखव."

तीनदा पाहिलं. पडद्यावरची बाई त्यांचाच शर्ट घालून होती, पण ती त्यांना अगदी परकी वाटली. आईसुद्धा अशीच शांतपणे गॅस चालू ठेवून दार ओढून घ्यायची.

"दमली असशील गं," नणंद म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

त्याच आठवड्यात नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला दिले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वहिनी एका ठिकाणी चुकल्या. "एवढं तर कुणीही चुकतं," डॉक्टर म्हणाले, "पण आईचं कळल्यावर मी आजच हो किंवा नाही म्हणणार नाही. सहा महिन्यांनी परत या."

सहा महिने! वहिनींची झोपच उडाली. भाजीवाल्याचं नाव जिभेवर आलं नाही तरी छाती धडधडायची. काम सोडायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

"सोडून काय करशील? घरात बसून किल्ल्या मोजशील?" नणंदेनं विचारलं. "फोटो तू काढ. कार्डं माझ्याकडे."

पुढच्या लग्नात पहिलं कार्ड भरलं तेव्हा वहिनींनी ते मुठीत घट्ट धरलं आणि गर्दीतून वाट काढत नणंदेपर्यंत गेल्या.

"भरलं?" तिनं विचारलं.

वहिनी थबकल्या. मूठ उघडून पाहिली.

"भरलं," त्या म्हणाल्या. "पण तू एकदा बघून घे."