टस्कनीतली द्राक्षं

आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत सध्या एक नवं खूळ आलंय. सुट्टीत इटलीला जायचं, पण रोम-व्हेनिस बघायचं नाही; ते म्हणे टुरिस्ट लोक बघतात. आपण खेड्यात जायचं, शेतकऱ्याच्या घरी राहायचं, कोंबडा आरवला की उठायचं आणि परत आल्यावर पॉटलकच्या जेवणाला छोल्यांच्या रांगेत उभं राहून "यार, खरं लाइफ तिथंच आहे" म्हणून सुस्कारे सोडायचे. सुस्कारे सोडणारे सगळे नगर, नाशिक, अमरावतीकडचे. कोंबड्याच्या आरवण्यापासून सुटका व्हावी म्हणून इंजिनिअरिंग केलेले!

माझा नवरा त्यातलाच. त्याचे वडील निफाडजवळ एकटे राहतात. सासूबाई गेल्यापासून द्राक्षबाग तेच बघतात. दर वर्षी त्यांचं एकच मागणं असतं, "फेब्रुवारीत माल निघेल, पोरीला घेऊन या. एकदा खुडणी बघू दे तिला." आमच्या मुलीला फेब्रुवारीत आठवडाभर शाळेला सुट्टी असते, म्हणजे अडचण खरं तर काहीच नाही. पण कारणं शोधण्यात ह्याचा हात कोण धरणार? आधी व्हिसा स्टॅम्पिंगची भीती होती. ग्रीन कार्ड आल्यावर ती संपली, तर प्रोजेक्टचं रिलीज आलं. मग डास, गोठ्याचा वास, वायफाय नाही, मुलीची ॲलर्जी. आणि ह्याच माणसानं सप्टेंबरात ह्याच मुलीची शाळा बुडवून टस्कनीतल्या एका द्राक्षमळ्यावर बुकिंग केलं. "हार्वेस्ट एक्सपीरियन्स इन्क्लुडेड आहे," म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

गेलो. आमची खोली जुन्या गोठ्याच्या वर होती. खाली पूर्वी गाई बांधायचे, हे मालकीणबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कौतुकानं सांगितलं आणि ह्यानं दुप्पट कौतुकानं ऐकलं. डास होतेच. वायफाय नव्हतं, पण इटलीत त्याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हणतात. जेवायला अंगणात लांबलचक टेबल, सगळ्या पाहुण्यांनी एकत्र बसायचं आणि जे शिजलं असेल ते खायचं. बाईंनी वालासारख्या कसल्याशा दाण्यांची आमटी वाढली. फोडणी नाही, तिखट नाही. एक घोट घेऊन ह्यानं डोळे मिटले. मी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली, तर "प्लीज, इथं नको" म्हणून माझ्यावर डोळे वटारले. घरी मी अशी आमटी केली असती, तर ताट सरकवून पिझ्झा मागवला असता महाशयांनी.

दुसऱ्या दिवशी तो एक्सपीरियन्स. सगळ्यांना ॲप्रन, गवती टोप्या, कात्र्या. बाकीच्या पाहुण्यांनी चार घड कापले, दहा फोटो काढले आणि सावलीत वाइन प्यायला गेले. आमचा नवरा मात्र गेला नाही. देठाला धरून घड कापायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, फुटका मणी कात्रीच्या टोकानं काढून टाकायचा आणि क्रेटमध्ये एकाच थरात, देठ वर ठेवून, अलगद मांडायचा. मण्यांवरची पांढरी लव पुसली तर व्यापारी भाव पाडतो, हे त्याला लहानपणी बाबांनी शिकवलेलं. मुलगी व्हिडिओ काढत होती. दोन तास खपून ह्यानं एक देखणा क्रेट भरला आणि मालकीणबाईंना दाखवायला घेऊन गेला. बाई "ब्राव्हो" म्हणाल्या आणि तो क्रेट त्यांनी सरळ ट्रॉलीतल्या ढिगावर ओतून दिला.

"अहो, अहो!" हा चक्क मराठीत ओरडला. वाइनची द्राक्षं होती ती, सगळी चिरडायचीच होती. एवढा शिकलेला माणूस, पण त्याच्या हातांना ते ठाऊकच नव्हतं. मी पोट धरून हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

परत आल्यावर रविवारी सकाळी नेहमीसारखा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं तो सगळा प्रकार आजोबांना दाखवला. मला वाटलं, आता बाबा चिडतील. आपली बाग सोडून पोरगा परक्याची द्राक्षं तोडतोय, कुणीही चिडलं असतं. पण ते चष्मा पुसून परत बघत बसले. "देठालाच धरतोय बघ अजून," म्हणाले. आवाजात नुसता आनंद.

मग त्यांनी ह्याला विचारलं, "ते लोक पाहुण्यांची सोय कशी करतात रे?" झालं, ह्याला जोर चढला. स्वच्छ बाथरूम, घरचा नाश्ता, वेबसाइटवर बुकिंग, सगळं रंगवून सांगितलं. बाबा मन लावून ऐकत होते.

"मग गच्चीवरची खोली मी तशी करून घेतो," ते म्हणाले. "कमोड बसवतो, जाळ्या लावतो. तू ते वेबसाइटचं बघ. बुकिंग केलेलं तू कॅन्सल करत नाहीस ना?"

टोमणा नव्हता हो तो. असता तर मी टाळी दिली असती. औषध फवारणीची वेळ विचारावी तसं ते साधं विचारत होते. मला रडू आलं.

हा घसा खाकरून म्हणाला, "बघू बाबा. फेब्रुवारीत रिलीज आहे, नंतर..."

मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. "बाबा, फेब्रुवारीच्या सुट्टीची तिकिटं मी आजच काढते. आम्ही दोघी नक्की येणार. तुमच्या मुलाचं मी सांगत नाही, त्याचं तो बघेल."

"या, या," बाबा म्हणाले. मग त्यांनी परत चष्मा पुसला.

"खोली मात्र करूनच ठेवतो," ते म्हणाले. "त्याचं आयत्या वेळी जमलं, तर पंचाईत नको."