समुद्राची खबर ठेवणारा सोमेश्वर

वसमतजवळच्या आमच्या गावात समुद्राची खबर ठेवणारा एकच माणूस, सोमेश्वर. विशाखापट्टणमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात त्यानं उमेदीची वर्षं काढली. तिथं मासेमारीच्या होड्या हवेचा अंदाज बघूनच निघायच्या. ती सवय तो गावाला घेऊन आला. सकाळी दात घासायच्या आधी फोनवर बंगालच्या उपसागरावरचं वारं बघतो. वरून ताडपत्र्या भाड्यानं देतो. म्हणजे पावसाचं भेव घालणारा तोच अन् झाकण देणारा बी तोच. मला हे कधी पटलं न्हाई.

यंदा चैत्रात आमची शिजवलेली हळद अंगणात वाळत होती. ती भिजली की रंग जातो, अन् रंग गेला की व्यापारी तोंड फिरवतो. सोमेश्वर आला.

"काकू, समुद्रावर खालच्या हवेत ओल लई भरलीय. वारं इकडं वळून राहिलंय. उद्या झाकून घ्या."

"ताडपत्री तुझीच असंल?"

"व्हय, मग कोणाची?"

"तर तुला अन् तुझ्या समुद्राला, दोघांनाबी रामराम."

तरी सांजच्याला त्याच्या घरावरून चक्कर मारलीच. तो अन् त्याची बायको संगिता कालच शिजवलेली हळद टोपल्यानं घरात नेत होते.

"ताडपत्री काहून न्हाई टाकली?" मी विचारलं.

"सगळ्या दिल्या लोकांना. आता कोणाची काढून आणू?"

"नाटक बराबर करतोस."

संगिता दारातून म्हणाली, "या की काकू, तुमी बी एक टोपलं उचला नाटकात!"

मी काही उचललं न्हाई.

पुढचे दोन दिवस कडक ऊन पडलं. माझी हळद वाळून खुळखुळ वाजाया लागली. टोमणे तयार ठेवूनच मी सोमेश्वरकडं गेले. दारातच आंबूस वास आला. घरात कोंडलेली ओली हळद उबली होती, हाताला चिकट लागत होती. तो एकेक कांडी मोडून हुंगत बसला होता.

"ढग ओडिशाकडं गेलं, काकू. समुद्रावरचं बराबर सांगितलं होतं. इकडं येता येता वारं फिरलं."

लोकांना फसवणारा माणूस आपली हळद सडवत न्हाई. पदर खोचून मी खाली बसले अन् बरी हळद निवडाया लागले.

"आता काय म्हणतो तुझा समुद्र?"

तो कचरला. "अजून ओल हाय वर. पण पक्कं न्हाई सांगत."

"ताडपत्री मोकळी झाली का एखादी?"

संगितानं माझ्याकडं बघितलं. "तुमची तर वाळली की, काकू!"

"माझ्यासाठी कोण मागतंय? ह्या हळदीला दिवसभर ऊन दाखवू, अन् ढग आलं की झाकू."