घाटातल्या खड्याची चिठ्ठी

२००७ च्या उन्हाळ्यात बोरी बुद्रुकच्या यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, व्हिडिओ गेमच्या एका मशिनची सोडत झाली. चिठ्ठ्या शंभराच्या आसपास होत्या. सोडत मी चालवली.

जुन्नर-आंबेगावच्या मंडळींची तेव्हा इंटरनेटवर एक कम्युनिटी होती आणि मी तिचा मॉडरेटर होतो. पुण्यात वर्तमानपत्रातली नोकरी आणि ऑफिसात फुकटचं इंटरनेट, एवढ्या पात्रतेवर ते पद मिळालं होतं. सदस्यांपैकी खऱ्या नावाने लिहिणारे चार. बाकीचे 'द्राक्षकिंग', 'लाल टोमॅटो', 'आंबेगावचा राजा' वगैरे. मूळ डिंगोऱ्याचा एक सदस्य आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने ते मशीन आणलं आणि कम्युनिटीत कुणालाही द्या म्हणून माझ्या हवाली केलं.

कॉम्प्युटरकडून एक आकडा काढून विजेता ठरवू, असं मी जाहीर केलं. त्यावर आलेलं सर्वांत सौम्य उत्तर असं होतं: "कॉम्प्युटर तुमचा, बोट तुमचं. मशीनपण तुमीच ठेवा की राव."

सदस्यांना घाटावरची पद्धत हवी होती. घाटावर कोणता गाडा कधी पळणार हे टोकन काढून ठरतं. सगळ्यांसमोर टोकन निघतं, स्पीकरवर मालकाचं नाव तीनदा पुकारतात, मालक पुढे आला नाही तर दुसरं टोकन. दोन्ही तालुक्यांत लोक ग्रामपंचायतीपासून हवामान खात्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतात. या पद्धतीवर घेत नाहीत. तेव्हा सोडत घाटावर ठरली.

अडचण एकच होती. कोणी कोणाला चेहऱ्याने ओळखत नव्हतं. 'लाल टोमॅटो' असं पुकारल्यावर टोमॅटो पिकवणाऱ्या निम्म्या नारायणगावने हात वर केला असता. म्हणून मी नियम केला: विजेत्याने कम्युनिटीवर लिहिलेला आपला शेवटचा संदेश माइकवर सांगायचा. प्रत्येकाचा शेवटचा संदेश मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतला. नियम निर्दोष आहे असं माझं मत होतं.

'घाटातला खडा' या नावाचा एक सदस्य होता. बोरीच्या घाटावरच्या निवेदकांची टिंगल एवढ्या एकाच विषयावर तो वर्षभर लिहीत होता. हे निवेदक साठीचे, पहाडी आवाजाचे, आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव गाव-भावकीसह घेणारे एक बुजुर्ग. ते इंटरनेट वापरत नसत, पण कोणीतरी त्या लिखाणाच्या प्रती त्यांना नेऊन दिल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक यात्रेत ते माइकवरून सांगत, "ह्यो खडा एकदा हाताला लागू द्या, मंडळी!"

खडा कोण, हे मला माहीत होतं. नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा एक गृहस्थ. त्याने ते नाव आपलं असल्याचं मला स्वतः सांगितलं होतं. सोबत हेही सांगितलं होतं, की तो त्या निवेदकांचा जावई आहे.

सोडतीच्या आधी तो मला स्टेजमागे भेटला. त्याच्या दोन मुली यात्रेला आल्या होत्या. मशीन आपल्यालाच लागणार, असं त्याने त्यांना महिनाभर सांगून ठेवलं होतं.

"भाऊ, माझी चिठ्ठी निघाली तर?"

"पुढे यायचं. शेवटचा संदेश सांगायचा."

"सासऱ्याच्या म्होरं?"

"माइक त्यांच्याच हातात असतो."

"मग न निघालेली बरी," तो म्हणाला. मग मुलींकडे बघून म्हणाला, "पण निघाली पायजे राव."

स्टेजवर शर्यतीच्या बक्षिसांच्या ढालींशेजारी मशीन ठेवलं होतं. हा स्टॅबिलायझर कोणत्या नंबरला आहे, असं दोन गाडामालकांनी विचारलं. चिठ्ठ्या आधी टोमॅटोच्या क्रेटमध्ये टाकल्या. त्या जाळीतून खाली पडल्या. मग कळशी आणली. सरपंचांनी हात घालून एक चिठ्ठी काढली आणि न उघडता निवेदकांना दिली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि घसा साफ केला.

"घाटातला खडा!" ते म्हणाले. "पयला पुकार! या पावणं, या! वरीसभर वाट बघतोय."

घाटावर हशा झाला. जावई रसवंतीच्या मांडवाखाली उभा होता. तो जागचा हलला नाही. मोठी मुलगी त्याचा शर्ट ओढत होती.

"घाटातला खडा, दुसरा पुकार! आरं, लिवताना हात लई चालतोय, आता पाय चालंना व्हय?"

सरपंचांनी कळशीत पुन्हा हात घातला. निवेदकांनी तिसऱ्या पुकाराला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"आबा, थांबा. ते नाव माझं हाये."

त्यांची मुलगी, म्हणजे जावयाची बायको, पदर सावरत स्टेजवर आली.

"तू कशाला आलीस वर? खाली जा," निवेदक माइक न झाकता म्हणाले. ते घाटभर ऐकू गेलं.

"चिठ्ठी माझी हाये. माइक द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे माइक द्यावा लागेल, असं मी सांगितलं. तिने माइक घेतला आणि मजकूर न अडखळता सांगितला: "बैल घाट चढला, वैरण खाल्ली, रवंथ करून झोपला, तरी आमच्या निवेदकांची पावण्यांची यादी संपली न्हाई."

हशा थांबायला वेळ लागला. पडताळणीसाठी छापील कागद मी निवेदकांच्या हातात दिला. तो त्यांनी दोनदा वाचला. घाटावर माइक चालू आणि निवेदक गप्प, असं जुन्या गाडामालकांनाही आठवत नव्हतं.

"उत्तर बरोबर हाय," शेवटी ते म्हणाले. "शब्दाला शब्द." आणि मशीन उचलून त्यांनी मुलीच्या हातात दिलं.

जावई तोवर स्टेजजवळ पोचला होता. "हिनं मला वाचवलं, भाऊ," तो मला म्हणाला. "कसं पाठ केलं कुणास ठाऊक. माझ्या तर ध्यानातपण नव्हतं."

त्याचं हे बोलणं ऐकलेल्या कुणाची तरी त्या आठवड्यात कम्युनिटीवर तक्रार आली, की चिठ्ठी नवऱ्याची असताना बायकोला मशीन दिलं. मी चौकशी केली. संदेश नारायणगावच्या एका सायबर कॅफेतून गेला होता. कॅफेत येणाऱ्याने वहीत वेळ लिहून सही करायची पद्धत होती. मालकाने वही दाखवली. त्या संदेशाच्या वेळेसमोर सही तिची होती. वर्षभराची मागची पानं उलटून पाहिली. खड्याच्या प्रत्येक संदेशाच्या वेळेसमोर सही तिचीच होती. नवऱ्याची सही वहीत एकदाही नव्हती.