मोरपिसांचा परवाना

जयपूरच्या घाटापलीकडच्या जंगलात संस्थानी काळातली एक शिकारीची कोठी होती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला वनखात्याने तिच्या पुढच्या खोलीत फिरायला येणाऱ्यांसाठी माहिती-कक्ष उघडला. भिंतीवर जंगलाचा नकाशा, कपाटात पक्ष्यांची अंडी, कोपऱ्यात पेंढा भरलेला तरस आणि टेबलावर भेटीची वही. टेबलामागच्या बाबूवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. मी कुठल्या झाडाखाली किती वेळ थांबतो, ते तो कामावर आला की खिडकीतून बघत बसायचा.

मी साताऱ्याकडचा. रिकाम्या हातांनी जयपूरला आलो आणि मोरपिसांच्या पंख्यांचा धंदा उभा केला. बायको पंखे बांधायची, मी विकायचो. पावसाळा सरताना मोर पिसारा टाकतात. ती गळालेली पिसं वेचायचा परवाना मी रेंजरसाहेबांशी तासभर घासाघीस करून मिळवला होता. आमचं वर्ष त्या दीड महिन्यावर चालायचं.

एका सकाळी पाणवठ्यापाशी मोर मेलेला सापडला. पिसारा उपटलेला. रेंजरसाहेब जीपने आले, तेव्हा मी कोठीच्या पायऱ्यांपाशी सायकलला पिसांची जुडी बांधत होतो.

"यही है साहब," बाबू म्हणाला. "मराठी पंखेवाला. रोज मुँह-अँधेरे आता है."

"और तू ग्यारह बजे आता है! तुझे किसने बताया मैं कब आता हूँ?" मी म्हणालो.

साहेब हसले, पण त्यांनी जुडी हातात घेतली. गळालेल्या पिसाचं मूळ कोरडं आणि पांढरं असतं. उपटलेल्याला रक्त लागलेलं असतं. हे त्यांना माहीत होतं, मला तर होतंच. त्यांनी जुडी उलटी केली. सगळे देठ एका रेषेत कापलेले.

ते मीच कापले होते. घरी कचरा नको म्हणून रोज त्याच पायऱ्यांवर बसून मी मुळं कात्रीने छाटायचो आणि पाल्याच्या ढिगावर टाकायचो. त्या दिवशीचा ढीग कोठीच्या माळ्याने पेटवूनही झाला होता.

"काटा क्यों?" साहेबांनी विचारलं.

"पंख्याला मूळ लागत नाही, साहेब. आमची पद्धतच आहे."

"अच्छी पद्धत है," बाबू पुटपुटला.

मी साहेबांना म्हटलं, उद्या उजाडताना माझ्याबरोबर चला, तुमच्यासमोर वेचतो. ते तयार झाले. बाबू वळून आत टेबलाकडे गेला, हेच मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी मोर बसतात त्या धोकड्याच्या झाडांखाली गेलो. एक पीस नाही. आदल्या दिवसापर्यंत जिथे मूठभर सापडायची, तिथली जमीन हाताने साफ केल्यासारखी. वर फांद्यांवर मोर बसलेले होते. परत आलो तर बाबू चक्क हजर, सकाळी सातला! पिसं तिथेच दडवली असणार म्हणून मी अंड्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. त्याला कुलूप होतं.

"उघडा हे."

"चाबी घर पर है."

साहेबांनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "पुराव्याशिवाय मी कोणाला काही म्हणत नाही. या हंगामापुरता तुमचा परवाना चालू राहील, पण बाबूजींना रोज जुडी दाखवून जायचं."

त्याला दाखवायचं! इथे गप्प बसलो असतो तर परवाना राहिला असता. मी तो खिशातून काढला, टेबलावर आपटला आणि म्हणालो, "त्यालाच द्या. त्याला हवा होता." साहेबांनी शांतपणे कागद फाइलमध्ये ठेवला. मला परत बोलावतील अशी माझी अटकळ होती. जीपचा आवाज दूर गेला, तेव्हा कळलं की भाव चुकला.

त्या वर्षी बायकोने शेजारणींची शिवणकामं घेतली. पंख्यांसाठी आणलेला दोरा तिने त्यातच संपवला.

हिवाळ्यात सहलीला येणाऱ्यांसाठी माहिती-कक्षाच्या टेबलावर मोरपिसांचे पंखे विकायला ठेवलेत असं कानावर आलं. गेलो. बाबूचा मेहुणा विकत होता, तो मला ओळखत नव्हता. किंमत पाडून एक घेतला आणि घरी येऊन मुठीचा दोरा सोडला. मुळं शाबूत होती. कोरडी, पांढरी.

"गळालेलीच आहेत," बायको म्हणाली. "म्हणजे मोर त्यांनीही मारला नाही."

मला ते अजून पटत नाही.