चिंधाबाईची दाभण

चिंधाबाई आधी थोबाडीत मारायची आणि मग कानाला डाग द्यायची. रोगी गालावर हात न्यायच्या आत तापलेली दाभण कानाला टेकून परतही यायची. "मन गालावर गेलं का कानाचं समजत नाई," असं तिचं म्हणणं. जंगलखात्याच्या शिपायालाही तिने सोडलं नव्हतं. दाढेने बेजार होऊन आला आणि वर्दीतच थप्पड खाऊन गेला.

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात डॉक्टर म्हणजे ऐकीव गोष्ट. कंबर धरली, अर्धशिशी उठली, पोराचा अंतर्गळ उतरला, की माणसं चिंधाबाईच्या अंगणात यायची. ती एकटी विधवा, तोंडाने फाटकी. नखाने कानाची पाळ वरपासून खालपर्यंत दाबत जायची. एका जागी रोगी उसळला की म्हणायची, "हे पाय, तुयी कंबर इथी येऊन बसली." दारात आलेल्याला तिने कधी परत पाठवलं नाही. तिच्या कोंबड्या चोरणाऱ्यालाही नाही. त्याला थप्पड मात्र दोन मिळाल्या.

माझी मोठी बहीण सकू आणि मी, दोघी याच गावात दिलेल्या. सकूचा नवरा किसन लाकूड वाहणाऱ्या बैलबंड्या हाकायचा आणि घरी येऊन बैलांवरचा राग बायकोवर काढायचा. हाताने कमी, लाथेने जास्त. एकदा सकूचं डोकं ठणकत होतं म्हणून मी तिला चिंधाबाईकडे नेलं. चिंधाबाईने कान चाचपला, मानेवरचे वळ पाहिले आणि दाभण खाली ठेवली. "हे दुखणं कानातलं नाई वो. याले डाग देऊन का करू?"

त्याच पावसाळ्यात किसनने सकूच्या पोटात लाथ घातली. सहावा महिना होता. पोर गेलं. सकू वाचली, एवढंच. गावात कोणी त्याला जाब विचारला नाही. नवराबायकोचं भांडण म्हणे! भांडायला दोन माणसं लागतात, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

माघात सागाचं लाकूड उचलताना किसनच्या कमरेत कळ भरली आणि ती पायात उतरली. तो खाटेवर पडला. सकूला बरं वाटायला लागलं, हे मी लपवत नाही. तिच्या अंगावर मांस चढलं, ती माझ्याकडे येऊन हसायला लागली. मग एक दिवस सकूच्या थोरल्या दिराने किसनला बंडीत घालून चिंधाबाईच्या अंगणात आणलं. सकूही पाठोपाठ आली, डोक्यावरचा पदर ओढून. मी धावत गेले.

चिंधाबाईने किसनचा कान दाबला. तो उसळला. गोवरीच्या विस्तवात दाभण लाल झाली. आता थप्पड बसणार म्हणून सगळे पाहत होते. ती सकूकडे वळली. "सकू, उठवू का याले?"

सकू खाली बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण दीर शेजारी उभा होता.

चिंधाबाईने दाभण पाण्याच्या गाडग्यात बुडवली. "घेऊन जा याले."

"काऊन?" दीर म्हणाला.

"ज्या लाथेनं पोटातलं लेकरू मेलं, ते पाय मी उभे नाई करत."

दिराने बंडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उपसली. पहिला घाव तिच्या खांद्यावर, दुसरा डोक्यावर. ती पडली तेव्हा त्याने तिचा उजवा हात जमिनीवर दाबला आणि बोटांवर मारत राहिला. ती किंचाळली नाही, शिव्या देत होती. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. त्याने मला झटकलं, माझा दात पडला. अंगणात सात-आठ पुरुष उभे होते. त्यांत माझा नवराही होता. एकानेही पाऊल उचललं नाही.

चिंधाबाईची बोटं वाकडी जुळली. दाभण सुटली ती सुटलीच. दाढ दुखली की लोक तिलाच बोल लावायचे, एका किसनपायी गावाचं औषध बुडवलं म्हणून. किसन काठी टेकत चालायला लागला, पण काठीवरचा माणूस लाथ मारू शकत नाही. सकूला पुढे दोन लेकरं झाली आणि दोन्ही जगली.

पुष्कळ वर्षांनी मी चिंधाबाईला विचारलं, "डाग दिला असता तं तो खरंच उठला असता का वो?"

डाव्या हाताने मोहफुलं निवडत ती म्हणाली, "मले का माहीत? कोणी उठे, कोणी नाई उठे. माया डागानं उठे का आपसूक उठे, तेही मले समजलं नाई."

"मंग एवढा मार काऊन खाल्ला?"

"उठला असता तं?" ती म्हणाली आणि फुलं निवडत राहिली.

ती गेली तेव्हा सकूने तिला न्हाऊ घातलं. उजव्या हाताची बोटं तिने चोळून पाहिली, सरळ झाली नाहीत. तेवढ्यात किसन काठी टेकत अंगणात आला. गावातली माणसं जमली होती, दीरही होता. सकूने ओल्या हातानेच पदर सावरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमी घरी जा. इथी येऊ नका."

किसनने तिच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग तो वळला आणि गेला.